पन्हळीवर जाळी टाकायच्या आधी वर झाड कुठलं आहे ते बघा

मे अर्धा सरला की नाशिकभरातून या सदराकडे येणारी पत्रं हळूहळू छताकडे वळतात, आणि या वेळी तर बहुतेकांचं दुखणं एकच आहे, पन्हळ तुंबते, पाणी भलतीकडून उतरतं, आणि आता बाजारात 'न तुंबणाऱ्या' सिस्टीम आल्यात त्यातली कुठली घ्यायची. म्हणून या वेळचं सदर पूर्ण पन्हळींनाच दिलंय. ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत. आपला प्रश्न राहिला असं वाटलं तर पहिलं उत्तर नीट वाचा, बहुतेक तिथेच सापडेल.

प्रश्न : गंगापूर रोडला आमचा जुना बंगला आहे, मंगलोरी कौलांचं उतरतं छत, पुढे गुलमोहर, मागे कडुलिंब. दोन्ही झाडं सासऱ्यांनी लावलेली, ती तोडायची नाहीत हे आधीच सांगते. दर पावसाळ्यात पन्हळ भरते आणि पाणी मागच्या बाजूने भिंतीत उतरतं, हॉलच्या कोपऱ्यात रंग फुगून पोपडे पडतात. एकाने 'कधीच तुंबणार नाही' म्हणून अॅल्युमिनियमची झाकणवाली सिस्टीम दाखवली, भाव भारी आहे. घ्यावी का?
— एक ताई, गंगापूर रोड

उत्तर : ताई, झाडं ठेवायची हे अगदी योग्य ठरवलंत. एप्रिलच्या उन्हात कौलांवर त्या झाडांची सावली असते म्हणून घर राहण्यासारखं राहतं, पन्हळीपायी झाड घालवणं हा उपायच नाही. फक्त कौलांना घासणाऱ्या फांद्या पावसाआधी काढून घ्या, आणि मोठी छाटणी असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाची रीतसर परवानगी घेऊनच करा.

आता मुद्द्याचं. कधीच तुंबणार नाही अशी पन्हळ नसते, विकणारा कितीही छातीठोकपणे सांगो. झाडाखाली घर म्हटल्यावर कचरा येणारच, आपल्या हातात एवढंच असतं की तो कुठे अडावा. पन्हळीच्या पोटात अडला तर दिसत नाही, तिथेच कुजतो आणि नेमका धो धो पाऊस सुरू असताना त्रास देतो, त्याउलट वर जाळीवर अडला तर वाळून बराचसा वाऱ्यानेच उडून जातो आणि उरलेला खालून लांब दांड्याच्या झाडूने ओढता येतो. जी सिस्टीम कचरा डोळ्याला दिसेल आणि हात पोचेल अशा जागी अडवते ती चांगली, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

दुसरं म्हणजे, पूर्ण पन्हळ भरलीय असं फार कमी वेळा असतं, बूच बसतं ते पाणी खाली उतरायच्या भोकावर. तिथला गोळा एकदा हातात घेऊन सुटा करून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. सगळ्यात खाली एखादं रुंद पान नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा भोकावर आडवा बसलेला असतो, त्यावर गुलमोहराच्या लांब काड्या एकमेकींत अडकून बसलेल्या, त्या काड्यांमध्ये बारीक पानं, आणि राहिलेल्या फटी बुजवायला काळा चिखल, म्हणजे उन्हाळाभर कौलांवर बसलेली धूळ आणि कौलांचीच झिजलेली लाल भुकटी. बोटभर जाडीचा एवढा थर सगळं पाणी थोपवून धरतो. म्हणून पहिला पैसा झाकणावर घालू नका, भोकावर घाला. जुन्या बंगल्यांना बहुतेक अडीच इंची म्हणजे 75 मिमीचा पाईप असतो, तो काढून चार इंची, 110 मिमीचा करा, आणि भोकही तेवढंच मोठं पाडून घ्या, नाहीतर लोक पाईप मोठा टाकतात आणि वरचं भोक जुनंच ठेवतात. वळचणीखालून पाईप भिंतीकडे आणताना प्लंबर दोन काटकोनी बेंड टाकून मोकळा होतो, तिथे काड्या हमखास अडकतात, त्याला 45 अंशाचे बेंड टाकायला सांगा आणि खाली हात पोचेल अशा उंचीवर एक डोअर बेंड नाहीतर डोअर टी. तुंबलं तर दार उघडून वर तार घालता येते, पाईप कापायची वेळ येत नाही.

मग उतार बघा. मीटरला 5 मिमी एवढा उतार हवा, म्हणजे 10 मीटर लांबीच्या पन्हळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 5 सेंटिमीटर, खालून बघितलं तर डोळ्याला जेमतेम जाणवेल. जुन्या पन्हळीचे ब्रॅकेट वाकतात, मधे झोळ पडतो, आणि त्या झोळात पाणी आणि गाळ साचत जातो. तपासायला सोपं आहे, कोरड्या दिवशी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि पाच मिनिटांनी बघा कुठे थांबलंय, तिथला ब्रॅकेट उचलायचा. आणि पाणी भिंतीत उतरतंय म्हणजे तुमच्या पन्हळीची भिंतीकडची कड पुढच्या कडेएवढी किंवा त्याहून खाली आहे, हे तर आधी दुरुस्त करा, मागची कड पुढच्यापेक्षा निदान इंचभर वर हवी. म्हणजे एखाद्या रात्री तुंबलीच तरी पाणी पुढून अंगणात पडेल, हॉलच्या भिंतीत मुरणार नाही. तुमचे पोपडे निम्मे एवढ्यानेच थांबतील असं मला वाटतं.

आता जाळी. इथे तुमची दोन झाडं दोन वेगळ्या गोष्टी मागतात. गुलमोहराचं एकेक पान सेंटिमीटरभरसुद्धा नसतं, भोकं पाडलेल्या पत्र्यातून किंवा साध्या जाळीतून ते सरळ आत जातं, शिवाय मे-जूनमध्ये पाकळ्यांचा सडा पडतो तो ओला झाला की चिकटून बसतो. त्या बाजूला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळीच लागेल, मायक्रो मेश म्हणतात ती, एक मिलिमीटरपेक्षा लहान भोकांची, आणि ती सपाट न बसवता कौलांच्या उताराच्या दिशेने थोडी पुढे कललेली बसवायची म्हणजे पानं घसरून खाली पडतात. कडुलिंबाचं उलट आहे. त्याचं पान बोटाएवढं लांब, ते कुठल्याही जाळीवर अडतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते ती वेळीच झाडून टाकली की झालं. त्रास देतात त्या निंबोळ्या, ऐन पावसात पिकून पडतात, फुटतात, आणि तो चिकट गर बारीक जाळीवर बसला की जाळीवर साय धरल्यासारखं होतं, मग पाणी जाळीतून आत न जाता वरून घरंगळून खाली पडतं. म्हणून मागच्या बाजूला मायक्रो मेश नको, 4-5 मिमी भोकांचा गुळगुळीत अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, निंबोळी त्यातून जात नाही आणि गर पावसानेच धुतला जातो.

त्या झाकणवाल्या सिस्टीमचं तत्त्व खोटं नाही हां. पाणी पृष्ठभागाला चिकटून वाकणाला वळसा घालून आत जातं आणि पान पुढे पडतं, रिमझिम पावसात हे छान चालतं. पण मंगलोरी कौलांवरून पाणी पसरून येत नाही, कौलांच्या पन्हळांतून जाड धार बांधून वेगात येतं, आणि जुलैतल्या जोराच्या सरीत ती धार झाकणावरून उडी मारून थेट अंगणात. शिवाय गुलमोहराची बारीक पानं पाण्याबरोबर वळण घेऊन आत जातातच, आणि आत गेली की झाकण उचकटल्याशिवाय निघत नाहीत. तुमच्या घरासाठी मी तरी ती घेऊ नका असंच म्हणेन.

आणि एक फार महत्त्वाचं, जाळी कुठलीही घ्या, ती बसवणाऱ्याला कौलांच्या पहिल्या ओळीखाली पट्टी खुपसू देऊ नका. मंगलोरी कौल रिपेवर अडकवलेलं असतं, ते एकदा हललं आणि नीट बसलं नाही की वळचणीतून पाणी वाशांवर जातं, तुंबलेल्या पन्हळीपेक्षा ते दुखणं मोठं. जाळी पन्हळीच्या पुढच्या कडेवर आणि मागे लाकडी फळीवर धरली पाहिजे. दोन छतं मिळतात त्या कोपऱ्यात खोऱ्यातून खूप पाणी एकदम येतं, तिथे पन्हळीच्या पुढच्या कडेला वीतभर उंचीची पट्टी लावून घ्या.

प्रश्न : सिडकोत आमचं रो हाऊस आहे, गच्ची गळायची म्हणून वर 30 बाय 20 फुटांचं पत्र्याचं शेड मारलं. फॅब्रिकेटरने पत्र्याचीच चौकोनी 4 इंची पन्हळ करून दिली आणि एका कोपऱ्यात अडीच इंची एकच पाईप. आजूबाजूला झाड एकही नाही तरी जोराचा पाऊस आला की वरून वाहते आणि सगळं पाणी शेजारच्या काकांच्या अंगणात. ते बोलतात आणि त्यांचं बरोबर आहे. न तुंबणारी जाळी बसवली तर थांबेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : नाही दादा, जाळीने उलट वाढेल. तुमची पन्हळ तुंबत नाहीये, ती पुरत नाहीये, हे दोन आजार वेगळे आहेत आणि औषधही वेगळं आहे.

हिशोब करून बघू. 30 बाय 20 म्हणजे 600 चौरस फूट, साधारण 56 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस पडला की 1 लिटर पाणी, हे एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं घरच्या घरी काढता येतं. जोराच्या सरीत थोडा वेळ तासाला 100 मिमीच्या वेगाने पाऊस पडू शकतो, त्या वेगाला तुमच्या पत्र्यावरून मिनिटाला 93 लिटर पाणी येतं, म्हणजे पाण्याचे 20 लिटरचे साडेचारच्या वर जार दर मिनिटाला, आणि ते सगळं त्या एका अडीच इंची पाईपमधून जायला हवं. प्लंबिंगच्या तक्त्यांत एवढ्या पावसाला तेवढ्या पाईपवर वीसेक चौरस मीटर छत धरतात आणि चार इंचीवर चाळीसेक. तुमचं 56 आहे, म्हणजे चार इंची दोन पाईप.

इथे बरेच जण म्हणतात की आपल्याकडे कुठे एवढा पाऊस, इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पडतो आणि नाशिक शहरात सातशे-आठशेच्या आसपास, आपल्याला लहान पन्हळ चालेल. नाही चालत. पन्हळीला वर्षाचा आकडा कळत नाही, तिला वर्षातली सगळ्यात वाईट दहा मिनिटं झेलायची असतात, आणि परतीच्या पावसातली एखादी संध्याकाळची सर शहरातही तशीच कोसळते जशी घाटावर. छताचं माप आणि सरीचा जोर धरून पन्हळ ठरवायची.

तर काम असं करा. दुसऱ्या टोकाला चार इंची पाईप घ्या, आहे तोही चार इंची करा, आणि पन्हळीचा उंच भाग मधोमध ठेवून दोन्हीकडे उतार द्या, म्हणजे प्रत्येक पाईपला निम्मंच पाणी. शक्य असेल तर पन्हळ 6 इंची करून घ्या आणि चौकोनीऐवजी अर्धगोल मिळाली तर उत्तम, चौकोनी पन्हळीच्या दोन्ही कोपऱ्यांत माती धरून बसते, अर्धगोलात थोडं पाणी असलं तरी ते मधोमध जोरात वाहतं आणि स्वतःच गाळ ढकलतं. पत्र्याचं टोक किती पुढे आलंय तेही बघा, ते पन्हळीच्या आत दोनेक इंच यायला हवं, फार पुढे असेल तर धार पन्हळ ओलांडून जाते, आणि कमी असेल तर पाणी पत्र्याच्या खालून उलटं येऊन पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यावर स्क्रूने बसवलाय त्या आडव्या लोखंडी आधारावर, गंज धरतं. भोकावर सपाट जाळी ठोकू नका, घुमटासारखी डोम जाळी ठेवा, खाली पानं किंवा पिसं जमली तरी वरून पाणी जात राहतं. झाड नसलं तरी शेडखाली कबुतरं बसतातच, त्यांच्या काड्या आणि पिसं येणार, पत्र्याच्या नागमोडी फटी टोकाला बंद करून घेतल्या तर तेही कमी होईल.

खाली आणलेलं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका, पावसात चेंबर उलटं वर येतं आणि मग सगळ्या गल्लीला त्रास. आपल्याच हद्दीत शोषखड्डा करा किंवा पावसाळी गटारात न्या. आणि काम सुरू करण्याआधी शेजारच्या काकांना एकदा भेटून सांगा की जूनच्या आत करून घेतोय, त्यांनी इतके पावसाळे सोसलंय.

प्रश्न : ऑनलाईन फोमचे लांब तुकडे आणि बाटली धुवायच्या ब्रशसारखे मोठे ब्रश मिळतात, पन्हळीत नुसते घालून ठेवायचे. स्वस्त पडतं, प्लंबरही लागत नाही. चालेल का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : फोम घेऊ नका. आपल्याकडे आठ महिने धूळ उडते, ती सगळी फोमच्या छिद्रांत जाऊन बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि फोम म्हणजे मातीची लादी होऊन बसते, तिच्यावर गवत उगवलेलंही मी पाहिलंय. उन्हाने त्याचा भुगा होतो तो वेगळाच, आणि तो भुगा पाईपात जातो. ब्रश थोडा बरा, मोठी पानं असतील तर काम करतो, पिंपळ, बदाम, सागाची पानं वर अडतात. पण कडुलिंबाच्या काड्या केसांत अडकल्या की एकेक ओढून काढावी लागते. भाड्याच्या घरात एका हंगामापुरतं काहीतरी हवंय असं असेल तर ब्रश घाला, स्वतःच्या घराला नको.

प्रश्न : पीव्हीसी, जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा की अॅल्युमिनियम? तीन जणांनी तीन सल्ले दिलेत आणि सिलिकॉनने जोड भरले तरी दरवर्षी गळतात.
— इंदिरानगर आणि म्हसरूळहून दोघांचा सारखाच प्रश्न

उत्तर : तुंबण्याचा आणि मटेरियलचा संबंध जोडांतून येतो. जिथे जोड आहे तिथे आत बारीकशी पायरी असते, काडी तिथे अडते, तिच्यामागे गाळ, आणि मग तोच जोड गळतो. जितके जोड कमी तितकं बरं, म्हणून जागेवरच मशीनने एकसंध लांबीची अॅल्युमिनियमची पन्हळ काढून देणारे असतील आणि बजेट असेल तर ते सगळ्यात चांगलं, गंजतही नाही.

पीव्हीसी स्वस्त, हलकं, गंजत नाही, लहान छताला मी आनंदाने सांगेन. पण ते उन्हात वाढतं आणि थंडीत आक्रसतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या घरात, म्हणजे निदान 30 अंशांचा फरक, एवढ्या फरकाला 10 मीटर पीव्हीसी साधारण 18 मिमी कमी-जास्त होतं, अॅल्युमिनियम 7 मिमी आणि लोखंडी पत्रा साडेतीन-चार. तुमचे जोड दरवर्षी का सुटतात याचं कारण हेच आहे, सॉल्व्हंटने (पीव्हीसीच्या डिंकाने) किंवा सिलिकॉनने घट्ट चिकटवून टाकलं आणि सरकायला जागाच ठेवली नाही. पीव्हीसीला रबरी गॅस्केटचा जोड घ्या, त्यावर किती आत घालायचं याची खूण असते ती पाळा, आणि उन्हात टिकणारा म्हणजे यूव्हीचा माल आहे का ते विचारून घ्या, घरातल्या पाईपचे उभे तुकडे करून पन्हळ बनवून देतात ती दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते.

जीआय पत्रा मजबूत असतो, फॅब्रिकेटर हव्या त्या मापाची करून देतो, पण कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो, तिथे झिंक प्रायमर मारायलाच हवा. त्याला वापरायचं सिलिकॉन आंबट वासाचं नको, व्हिनेगरसारखा वास येतो ना ते, त्यातल्या आम्लाने जस्ताचा थर खाल्ला जातो. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या. ब्रॅकेट कुठल्याही मटेरियलला दोन-दोन फुटांवर हवेत, 6 इंची अर्धगोल पन्हळ पाण्याने भरली की मीटरला जवळजवळ 9 किलो वजन होतं, त्यात ओला पाला धरा, चार-चार फुटांवर ब्रॅकेट असतील तर झोळ पडणारच.

प्रश्न : त्र्यंबक रोडला शेतातलं छोटं घर आहे. पन्हळीचं पाणी टाकीत साठवायचंय, झाडांना आणि धुण्याभांड्यांना. बाजूला वड आहे. जाळी लावली की पाणी स्वच्छ येईल ना?
— एक दादा, मूळचे नाशिकरोडचे

उत्तर : जाळीने पान अडतं, धूळ आणि पक्ष्यांची शीट अडत नाही. त्यासाठी पहिलं पाणी सोडून द्यायची सोय हवी, फर्स्ट फ्लश म्हणतात. छताच्या प्रत्येक चौरस मीटरला निदान एक ते दोन लिटर पहिलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. 50 चौरस मीटर छत असेल तर 50 ते 100 लिटर, आणि 110 मिमीच्या पाईपच्या एका मीटरमध्ये साधारण 8 लिटर मावतात, म्हणजे नुसत्या उभ्या पाईपने भागत नाही, एखादा छोटा ड्रम जोडावा लागतो. त्याच्या तळाला बारीक नळ थेंबथेंब सुटा ठेवा म्हणजे पुढच्या पावसाआधी तो आपोआप रिकामा होतो.

त्र्यंबककडे जसजसं जाल तसा पाऊस शहरापेक्षा पुष्कळ वाढतो, पाईप मोठेच घ्या. वडाचं पान मोठं आणि चिवट असतं, त्याला बारीक जाळीची गरज नाही, पण वडाची आणि पिंपळाची फळं पक्षी खातात आणि बी पन्हळीत टाकतात, तिथे थोडा गाळ असला की रोप उगवतं. बोटभर असताना उपटलं तर मुळासकट हातात येतं, एक पावसाळा ठेवलं तर मूळ जोडात शिरतं आणि तिथून भिंतीत. जुन्या पंचवटीतल्या वाड्यांच्या भिंतींतून निघालेले पिंपळ बघितलेत ना, त्यांची सुरुवात अशीच कुठल्यातरी फटीत झालेली असते. टाकीच्या ओव्हरफ्लोला आणि झाकणाला डासांची जाळी लावायला विसरू नका. साठलेल्या पाण्यात आठवड्या-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो, पन्हळीतल्या झोळाचंही तेच.

प्रश्न : आम्ही दोघंच राहतो, मी 71, हे 76. मुलगा पुण्याला. देवळाली कॅम्पला बंगला, वर पत्रा, पन्हळ जमिनीपासून बारा फुटांवर. आतापर्यंत हे शिडी लावून साफ करायचे, आता मी चढू देत नाही. अशी कुठली सिस्टीम आहे का की साफच करावी लागणार नाही?
— एक काकू, देवळाली कॅम्प

उत्तर : काकू, चढू देत नाही हे फार चांगलं करताय, त्यावर ठाम राहा. अजिबात साफ करावी लागणार नाही अशी पन्हळ नाही, पण तुम्हाला वर चढावंच लागणार नाही अशी व्यवस्था नक्की होते.

वरच्या पन्हळीवर भोकं पाडलेला अॅल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने पक्का बसवून घ्या, नुसता खोचलेला नको, तो वाऱ्याने उडतो. आणि मुख्य अडवण खाली आणा, म्हणजे उभ्या पाईपला छातीएवढ्या उंचीवर लीफ कॅचर बसवा, त्यात तिरपी जाळी असते, पाणी आत जातं आणि पान घसरून बाहेर पडतं, तुम्ही उभ्याउभ्या हाताने पुसू शकाल. आपल्याकडच्या दुकानात तयार मिळाला नाही तर चांगला फॅब्रिकेटर स्टीलचा करून देईल, त्याला वर पाणी येणारा पाईप, मधे 45 अंशाची तिरपी जाळी आणि खाली जाणारा पाईप एवढं चित्र काढून दाखवा. काकांना वर काय चाललंय ते बघायचंच असेल तर मोबाईल लांब काठीला बांधून व्हिडिओ काढायचा, जमिनीवर उभं राहून सगळी पन्हळ दिसते.

वर्षातून तीनदा माणूस बोलवा. होळीनंतर पानगळ संपली की एकदा, मग मृगाच्या आधी, हे कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका, कारण उन्हाळ्याची सगळी धूळ तेव्हा बसलेली असते आणि पहिल्याच सरीत ती चिखल होऊन भोकावर जाते, आणि तिसऱ्यांदा गणपतीच्या आधी. गुलमोहर असेल तर ही सफाई मृगाच्या आधीच, पण फुलं बरीचशी गळून झाल्यावर करा, फार आधी केली तर पुन्हा करावी लागते.

येणाऱ्या माणसाला आधी घराकडे येणारी विजेची वायर दाखवा. बऱ्याच बंगल्यांत ती वळचणीजवळूनच जाते, आणि अॅल्युमिनियमची शिडी किंवा ओला लोखंडी पाईप तिला लागला तर जीव जातो. लाकडी किंवा फायबरची शिडी, कोरडा दिवस, आणि शिडी धरायला खाली दुसरा माणूस, यातली एक जरी गोष्ट नसेल तर त्याला त्या दिवशी परत पाठवा. शिडी पन्हळीला टेकवू देऊ नका, पन्हळ वाकते आणि शिडी सरकते, ती भिंतीला टेकली पाहिजे. पत्र्यावर पाय द्यायचाच झाला तर खाली पर्लिन जिथे आहे त्या स्क्रूंच्या ओळीवरच, आणि सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर कुणालाही चढू देऊ नका, तो जुना झाला की न कळता फुटतो. सफाई झाल्यावर त्याच्यासमोरच नळीने वरून पाणी सोडायला लावा आणि खाली पाईपातून पूर्ण धार येते का ते बघूनच पैसे द्या.